अकरा मिलिमीटरचा व्याही

सपारगालीची डावी अक्कलदाढ दुखायला लागली ती शनिवारी दुपारच्या चहाला, आणि निमित्त झालं 'कुर्त'च्या एका गोळ्याचं. मीठ लावलेल्या चक्क्याचे उन्हात वाळवलेले हे गोळे कझाकस्तानातल्या ताराझ शहरात दर दुसऱ्या माणसाच्या खिशात सापडतात, आणि नीट वाळले असले तर त्यांनी खिळासुद्धा ठोकता येतो. सपारगालीनं गोळा डाव्या बाजूला घेतला, चावला, आणि जबड्याच्या पार आतून अशी कळ आली की चहाचा प्याला ओठांपर्यंत पोचलाच नाही.

"काय झालं?" त्याच्या बायकोनं, कुल्याशनं विचारलं.

"काही नाही. विचार करतोय."

"गाल धरून?"

चोपन्नाव्या वर्षी माणसाची अक्कलदाढ दुखावी, यात एक प्रकारचा अपमान आहे. विशीत दुखली तर लोक कौतुकानं बघतात. चोपन्नाव्या वर्षी दुखली की बायको म्हणते, "आत्ता यायला लागली होय?" आणि कुल्याश ते म्हणालीच. तोंड उघडायला त्याला आधीच त्रास होत होता.

सपारगाली हा सरकारी वजनमापं खात्यात निरीक्षक होता. एकोणतीस वर्षं त्यानं बाजारातले तराजू तपासले होते, खोटे जप्त केले होते आणि खऱ्यांवर तपासणीचं निळं लेबल स्वतःच्या हातानं चिकटवलं होतं. पूर्ण तपासणीशिवाय एकही लेबल त्याच्या हातून गेलं नव्हतं, सख्ख्या मेव्हण्याच्या दुकानातसुद्धा नाही. मेव्हणा त्यावरून अजून घुश्श्यात होता. अशा माणसाला एखादी गोष्ट 'थोडी' दुखतेय असं म्हणवत नाही. त्यानं कपाटातून व्हर्नियर कॅलिपर काढला, आरशासमोर उभा राहिला आणि वरच्या-खालच्या दातांमधलं अंतर मोजलं. तीस मिलिमीटर. गेल्या वर्षी सहज म्हणून मोजलं होतं तेव्हा चव्वेचाळीस होतं. (सहज म्हणून तोंड मोजणारी माणसं जगात असतात. त्यांच्या बायकाही असतात, त्यांचा विचार कोणी करत नाही.)

आता घाबरण्याचं खरं कारण सांगायला हवं. पुढच्या शनिवारी त्यांना मेर्के गावाला जायचं होतं, मुलाच्या, मेइरजानच्या, साखरपुड्याला. मुलगी तोलगानाय, शाळेत गणित शिकवायची, आणि मेइरजान तिच्याबद्दल बोलायला लागला की त्याच्या हातातला चमचा हवेतच राहायचा. साखरपुड्याला कुल्याश मुलीच्या कानात सोन्याचे डूल घालणार. त्यानंतर मुलीकडच्या बायका मेंढीच्या शेपटाची उकडलेली चरबी आणि कलेजी ताटात घेऊन येणार आणि मुलाच्या बापाला स्वतःच्या हातानं भरवणार. मूठभर, चांगली घसघशीत. ती खाल्ली की झाला व्याही. सही, शिक्का, साक्षीदार, सगळं त्या एका घासात येतं. आणि घास नाकारला तर मुलगी नाकारली. सपारगालीच्या एका चुलत्यानं डॉक्टरांनी चरबी बंद केली म्हणून नुसती मान हलवली होती. त्या दोन घराण्यांत अकरा वर्षं बोलणं नव्हतं, आणि मुलीचं लग्न शेवटी दुसरीकडे झालं.

"आठ दिवस आहेत," सपारगाली स्वतःशीच म्हणाला. "आठ दिवसांत माणूस मरून परत येईल."

रविवारी सकाळपर्यंत बातमी जिनाभर झाली. पहिल्यांदा आल्या दुसऱ्या मजल्यावरच्या झिनाइदा पावलोव्ना. चाळीस वर्षं शाळेत परिचारिका होत्या आणि अजूनही सगळ्या माणसांकडे पाचवीतल्या मुलांकडे बघावं तसं बघायच्या.

"कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्या कर. दर दोन तासांनी. आणि उद्या सकाळी दाताच्या डॉक्टरकडे जा. बाकी कोणाचं काही ऐकू नकोस."

सल्ला अगदी बरोबर होता, आणि इतका साधा होता की सपारगालीला तो पटला नाही. दुखणं एवढं भव्य आणि उपाय मिठाचं पाणी?

मग तळमजल्यावरचे व्हिक्टर किम आले. निवृत्त बसचालक. त्यांच्या म्हणण्यानुसार सगळी दुखणी उष्णतेनं जातात.

"साके," ते म्हणाले. तिकडे मोठ्या माणसाचं नाव आदरानं असं आखूड करतात. "तव्यावर मीठ भाजा, मोज्यात भरा, गालाला लावा. बल्खाशच्या रस्त्यावर माझा जबडा असाच धरला होता. मोजा लावला आणि सहाशे किलोमीटर गाडी हाणली."

"आणि मग बरं वाटलं?"

"मग दात पडला. पण दुखायचा थांबला की नाही?"

तिसरा मेव्हणा तिलेगेन. तराजूचं प्रकरण विसरून तो आला, यात सपारगालीला गहिवरून यायला हवं होतं; पण तिलेगेननं येताना लसूण आणला होता. डावी दाढ दुखत असेल तर उजव्या मनगटावर, नाडीच्या जागी, लसूण ठेचून बांधायचा. का, ते विचारायचं नाही. जाता जाता त्यानं ॲस्पिरिनची एक गोळीही हिरडीवर दाबून ठेवायला सांगितली.

सपारगाली हा काटेकोर माणूस. त्यामुळे त्यानं सगळं केलं. संध्याकाळी अवस्था अशी होती: मनगटावर लसणाचा टपोरा फोड आला होता, ॲस्पिरिननं हिरडी पांढरीफटक भाजली होती, आणि भाजक्या मिठाच्या मोज्यानं गाल इतका सुजला होता की कुल्याशनं त्याला डावीकडून ओळखलंच नाही. त्यानं माप घेतलं. एकोणीस.

"मिठाच्या गुळण्या केल्या का?" जिन्यात झिनाइदा पावलोव्नांनी विचारलं.

"त्या तेवढ्या राहिल्या."

सोमवारी तो सरकारी दवाखान्यात गेला. सरकारी माणसाची सरकारी दवाखान्यावर एक भाबडी श्रद्धा असते. खिडकीतल्या बाईनं त्याचा क्रमांक टाकला आणि सांगितलं की तो या दवाखान्याला जोडलेलाच नाही. तो अजून जुन्या पत्त्याच्या दवाखान्याला जोडलेला होता, आणि तो दवाखाना चार वर्षांपूर्वी पाडून तिथं फर्निचरचं दुकान झालं होतं.

"बदलून द्या," सपारगाली दातांतून म्हणाला.

"एका मिनिटात होतं. तुमच्या फोनवर कोड येईल, तो सांगा."

कोड आला नाही, कारण तो त्याच्या जुन्या नंबरावर गेला होता. तो नंबर त्यानं केव्हाच सोडला होता. त्यानं स्वतःच्या जुन्या नंबराला फोन लावला. हा अनुभव ज्यानं घेतला नाही त्याला त्यातलं गूढ कळायचं नाही. पलीकडून एका माणसानं उचलला. तो झाम्बिल रस्त्यावर कलिंगडं विकत होता.

"कोड? आलाय की," तो प्रेमानं म्हणाला. "पण आवाज असा का हो तुमचा? दाढ? अरेरे. माझ्या सासऱ्यानं अफूच्या बोंडाचं पाणी… थांबा हां, साडेआठ किलो, ताई! हां, तर कोड: चार, सात, ही बघा ही गोड निघेल, अकरा किलो… कुठवर आलो आपण?"

"चार, सात."

"दोन. पुढचं वाचतो. पण साहेब, तुम्ही आहात कोण? असा कोड कोणालाही देऊ नये म्हणतात."

इथे सपारगालीनं आयुष्यातली एक मोठी चूक केली. दुखऱ्या माणसालाही अभिमान असतो. तो ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "काळजी करू नका. मी वजनमापं खात्याचा निरीक्षक आहे."

पलीकडे 'ताई, उद्या या' एवढं ऐकू आलं. मग फोन बंद झाला, आणि संध्याकाळपर्यंत बंदच राहिला. सपारगाली खिडकीसमोर उभा राहून पहिल्यांदाच विचार करत होता की त्या रस्त्यावरचे तराजू शेवटचे कधी तपासले. मंगळवारी सकाळी माप आठ होतं. कुल्याश त्याला पातळ केलेला शोरबा चमच्याच्या टोकानं पाजत होती आणि काही बोलत नव्हती. ती गप्प असली की प्रकरण गंभीर असतं. त्यानं निमूटपणे खासगी दंतवैद्याचा पत्ता घेतला.

डॉक्टर बोताकोझ एवढीशी होती. मेइरजानपेक्षाही लहान असावी. टेबलामागून उठून आली तेव्हा सपारगालीला वाटलं, ही बहुधा डॉक्टरला बोलवायला निघाली. तिनं खुर्चीचं पायाखालचं फळकूट ओढून त्यावर चढून त्याच्या तोंडात पाहिलं, म्हणजे आठ मिलिमीटरमधून जेवढं दिसलं तेवढं.

"काका, मनगटाला काय झालं?"

"लसूण."

"आणि हिरडी?"

"ॲस्पिरिन."

"आणि गालाला शेक दिलात, हो ना?" ती रागावली नाही. रोज अशी दहा माणसं येत असावीत. "चला, फोटो काढू."

जबड्याच्या फोटोचं ते यंत्र त्याच्या डोक्याभोवती हळूच फिरलं, आणि मिनिटभरात पडद्यावर त्याचा अख्खा जबडा उभा राहिला. सपारगाली बघतच राहिला. बत्तीसच्या बत्तीस, ओळीनं, शिस्तीत. चोपन्न वर्षं तो या तोंडानं बोलला होता, जेवला होता, लोकांना दटावत आला होता, आणि ते आतून असं दिसतं हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. आणि अगदी मागे, डाव्या कोपऱ्यात, एक दाढ चक्क आडवी झोपली होती. पाय पसरून, डोकं शेजारणीच्या कुशीत खुपसून.

"ही… माझी?"

"तुमचीच. तीस वर्षं तरी अशीच आहे. अर्धी हिरडीखाली. तिच्यावर हिरडीची एक झडप आहे, तिच्याखाली कुर्ताचा चुरा अडकला, तिथं पू झाला, आणि त्यामुळं जबड्याचा स्नायू आखडला. म्हणून तोंड उघडत नाही."

सपारगालीच्या मनात भीती होती, पण भीतीच्याही वर काहीतरी होतं. तीस वर्षं एक पाहुणी त्याच्याच घरात आडवी पडून होती आणि यजमानाला पत्ता नव्हता. त्याला स्वतःच्या जबड्याविषयी एकदम आदर वाटायला लागला.

बोताकोझनं बारीक सुईनं ती झडप धुऊन काढली. तिचा हात जराही हलत नव्हता. एवढ्या स्थिर हाताचं माणूस सपारगालीनं फक्त सोनारांत पाहिलं होतं. मग तिनं प्रतिजैविकं दिली, दुखण्याच्या गोळ्या जेवणानंतर घ्यायला सांगितल्या, आणि म्हणाली, "आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. दर दोन तासांनी."

कुल्याशनं छताकडे पाहिलं.

"यापूर्वी दुखली होती का?"

"नाही," सपारगाली म्हणाला.

"दोनदा," कुल्याश म्हणाली. "गेल्या वर्षी नौरूझच्या सणाला आणि मग टरबुजांच्या दिवसांत. मला म्हणाले, काटा लागला."

"मग काका, ही काढावीच लागेल. तिसऱ्या वेळेनंतर ती चौथ्यांदा येतेच, आणि शेजारची चांगली दाढही घेऊन जाते. आता सूज आहे, आज हात लावत नाही. सूज उतरली की सोमवारी काढते. तुम्ही ठरवा."

"विचार करून सांगतो," सपारगाली म्हणाला. सरकारी नोकरीत या वाक्याचा अर्थ 'नाही' असा असतो, आणि कुल्याश एकोणतीस वर्षं सरकारी माणसाची बायको होती.

खरी गोष्ट अशी होती की तो घाबरला होता. घरी त्यानं किमना विचारलं, तर ते म्हणाले, "अक्कलदाढ काढायची? आणि मग निर्णय कशानं घ्यायचे?" त्याला हे फार सयुक्तिक वाटलं. कुल्याशला त्यानं बजावून ठेवलं की मेर्केला कुणाला काही कळता कामा नये. व्याह्याच्या घरी पहिल्यांदा जायचं आणि तोंडाचं दुखणं घेऊन? मुलाचा बाप म्हणजे त्या दिवशी सगळ्या घराण्याचं तोंड.

"तेच तर उघडत नाही," कुल्याश म्हणाली.

चार दिवस गोळ्या आणि गुळण्या झाल्या. सूज बरीच उतरली, दुखणं जवळजवळ गेलं, पण आखडलेला स्नायू सुटायला तयार नव्हता. शनिवारी सकाळी, निघताना, माप होतं अकरा. त्यानं कॅलिपर कोटाच्या आतल्या खिशात ठेवला. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

मेर्केत मुलीचे वडील ओरिनबसार यांचं घर माणसांनी भरलं होतं. शिऱ्दाक नावाच्या नक्षीच्या जाडजूड सतरंज्यांवर पाहुणे बसले होते. मुलीकडच्या वहिन्या नेहमीच्या वात्रटपणावर होत्या. त्यांनी सपारगालीच्या कोटाची शेपटी गादीला शिवून टाकली होती, आणि तो उठायला गेला की अख्खं घर हसत होतं. तोही हसला, ओठ मिटून. कुल्याशनं तोलगानायच्या कानात डूल घातले. मुलीनं तिचा हात धरून ठेवला. मेइरजान दाराशी उभा राहून बघत होता. मुलाचा तो चेहरा बघून सपारगालीला दाढ क्षणभर आठवेना.

मग ताट आलं.

ताट घेऊन आली ती मुलीची आजी, उलझान आजी. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, दुमडून खुर्चीत मावेल एवढी, तोंडात एक दात नाही. हा मान तिनं कोणाला द्यायला नकार दिला होता. ती समोर बसली, पाची बोटांत कलेजी आणि चरबी भरली, आणि ती मूठ सपारगालीच्या तोंडाशी आणली. सपारगालीनं नजरेनं माप घेतलं. साठ मिलिमीटर, कमीत कमी.

"उघड रे, लेका."

त्यानं उघडलं. अकरा.

"अजून."

अकरा. गादीला शिवलेला कोट त्याला मागंही सरकू देईना. घरातलं हसणं एकेक करून थांबलं. ओरिनबसारच्या कपाळावर आठी पडली. कोणीतरी बाई कुजबुजली, "खात नाहीत का?" तोलगानायनं डूल घातलेल्या कानाला हात लावला, आणि दाराशी मेइरजानचा चेहरा पांढरा पडला. तो बघितला आणि सपारगालीच्या मनातला सगळा सरकारी मान गळून पडला.

"आजी," तो दातांतून म्हणाला, आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, "मला खायचंय. देवाशपथ मला खायचंय. तोंड उघडत नाही माझं. दाढ आडवी आहे. मी घाबरट माणूस आहे, कुणाला सांगितलं नाही."

उलझान आजीनं मूठ खाली केली. जवळ सरकली, खडबडीत अंगठ्यानं त्याचा जबडा कानाखाली चाचपला, आणि मान डोलावली.

"माणूस तोंड उघडत नाही त्याला दोनच कारणं. राग नाहीतर दुखणं. राग नाही ना?"

"नाही, आजी."

"मग रडतोस कशाला? माझी सुरी आणा गं."

घासून घासून पातं निम्मं झालेली एक जुनी सुरी आली. आजीनं कलेजीचा तुकडा डाव्या तळहातावर धरला आणि कापायला लागली. सुरी तिच्याच हातावर चालत होती, आणि ती बघत होती सपारगालीकडे. एकेक चकती कागदासारखी निघत होती. कलेजीची एक, चरबीची एक, एकावर एक. तिनं जोडी दुमडली आणि त्या अकरा मिलिमीटरच्या फटीतून अलगद आत सरकवली. ती जिभेवर विरघळली.

"तीस वर्षं अशीच खाते मी," आजी म्हणाली. "बत्तीसच्या बत्तीस गेले माझे. अक्कल कुठं गेली नाही. काढून टाक ती."

सपारगालीनं दुसरी जोडी खाल्ली, तिसरी खाल्ली. पाचवीला त्याला राहवेना. त्यानं खिशातून कॅलिपर काढला, आजीच्या तळहातावरची चकती हलकेच धरली आणि मोजली. दोन मिलिमीटर. पुढची मोजली. दोन. त्याच्या पुढची, दोन. आजी बोलत होती, सुनांना ओरडत होती, मध्येच खोकलीसुद्धा, आणि सुरी दोनच्या वर जात नव्हती, दोनच्या खाली येत नव्हती. एकोणतीस वर्षांत परदेशी बनावटीचे तराजू त्यानं तपासले होते. असं काही त्यानं पाहिलं नव्हतं. त्यानं कॅलिपर मिटला, आजीचा हात धरला आणि कपाळाला लावला. त्याला दुसरं काही सुचेना.

"खाल्लं!" ओरिनबसार ओरडला, आणि घरभर एकच गलका झाला. वहिन्यांनी उरलेली चरबी सपारगालीच्या दोन्ही गालांना फासली, दुखऱ्याला जरा जपून.

सोमवारी सकाळी नऊ वाजता तो बोताकोझच्या दारात कुणी न ढकलता उभा होता. थोडं तोंड उघडायला लागलं होतं, बाकीचं सुई दिल्यावर सुटलं. तिनं दाढेचे दोन तुकडे केले आणि बाहेर काढले. सगळं मिळून पंचवीस मिनिटं. ते तुकडे त्याला पुडीत बांधून दिले, आणि त्यानं ते ऑफिसच्या प्रमाणित काट्यावर ठेवले. अवघे दोन ग्रॅम. एवढ्याशा वजनानं दोन घराणी धरून ठेवली होती, हे त्याला पुष्कळ दिवस खरं वाटत नव्हतं.

नोव्हेंबरात लग्न झालं. जेवणं उरकल्यावर उलझान आजी पुन्हा मूठ भरून आली. सपारगालीनं आधी सगळ्यांसमोर कॅलिपर लावून दाखवला, त्रेचाळीस, आणि मग तोंड उघडलं. "आता आख्खी मेंढी जाईल," आजी म्हणाली, आणि तिनं मूठ आत कोंबली. लोक हसत होते, आणि तो चघळत चघळत तिच्या शेजारी बसला.

"आजी, ती सुरी जरा द्याल?"

तिनं दिली. त्यानं पाकिटातून तपासणीचं निळं लेबल काढलं आणि सुरीच्या मुठीवर बोटानं दाबून चिकटवलं. अनुक्रमांक लिहिला, तारीख लिहिली, सही केली. मेव्हणा तिलेगेन खांद्यावरून वाकून बघत होता. त्याच्या तराजूला अशाच लेबलासाठी दोन महिने हेलपाटे घालावे लागले होते.

"साके, मुदत राहिली की भरायची," तो म्हणाला. "एक वर्षाची असते ना?"

आजी सुरी डोळ्यांजवळ धरून ते निळं लेबल निरखत होती. तिला वाचता येत नव्हतं. सपारगालीनं पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं.

"हिला मुदत नाही," तो म्हणाला.